काच कोण बसवणार

उंबरवाडी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय टीना,

ओतूरच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसून तू शपथ घेतली होतीस की लग्न करीन तर दुकान नसलेल्या माणसाशी. आणि पडलीस कुठे, तर कळंबला हायवेवर गाड्यांच्या काचांच्या दुकानात! तेव्हा मी पोट धरून हसले होते. ते हसणं आता परत घेते, कारण मला काच हवी आहे.

आमच्या जीपची पुढची काच गेली. घाटात खडीच्या डंपरमागे होते. मागे राहायला हवं होतं, पण गाडीत घोडेगावला तहसिलात जाणारी माणसं होती आणि त्यांची घाई मला चढली होती. एक खडा उडाला, टक्कन आवाज झाला. कोपऱ्यात बोराएवढा डाग दिसत होता. वर वाडीत येईपर्यंत त्या डागातून रेघ निघाली ती थेट माझ्या डोळ्यांसमोरून पलीकडे. आता उन्हात समोरच्या एका रस्त्याचे दोन दिसतात. अशा गाडीत मी माणसं बसवणार नाही, म्हणून वडापच्या फेऱ्या बंद ठेवल्यात.

तुला माहीतच आहे, आमच्या ह्यांना, मोहितला, चाकणच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून जीप मी चालवते. लायसन्स आहे, हात बसलाय, सकाळची एसटी चुकलेली अर्धी वाडी माझ्याच गाडीने खाली उतरते. पण आमचे आबा, म्हणजे सासरे कुशाबा, यांच्या लेखी गाडीला ड्रायव्हरच नाही. काच बघून ते म्हणाले, "मोहित न्हाई, डायवर न्हाई. आता काच बी न्हाई. शिमग्यापात्तूर गाडी धड झाली तर बघू, न्हाईतर खालच्या वाडीच्या चिमाजीला देऊन टाकू." चिमाजी दोन वर्षं आमच्या जीपकडे बघतोय. गाडी गेली तर मी चुलीपुढे आणि वाडी रस्त्यावर, असं होईल. मी हे होऊ देणार नाही.

तेव्हा तू काच पाठव. बसवीन मी. घोडेगावात रेंज मिळाली तेव्हा मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून ठेवलेत, त्यात काही अवघड दिसलं नाही. इथे वर फोन लागत नाही हे तुला सांगायला नको. चिठ्ठी मंचरला बहिरूभाऊ कंडक्टरच्या हातात दे. त्यांची गाडी वाडीत मुक्कामी असते.

तुझी
इंदू


कळंब
१३ फेब्रुवारी २०२५

इंदे,

पत्र मिळालं. काचेपेक्षा आधी तुझ्या डोक्यातली ती दोन व्हिडिओंची हवा काढते.

नारायणगावकडचा एक टोमॅटोवाला असाच आला होता. नवी कोरी मोठी गाडी, काच गेली, घरीच बसवली. न्हाणीघराच्या फटीत भरतात ते पांढरं भरलं होतं त्याने! आमच्या दुकानापर्यंत आला तेव्हा बायको शेजारी बसून दोन्ही हातांनी काच आत ओढून धरत होती. मला बाईची दया आली, त्याची मात्र मुळीच नाही.

नव्या गाड्यांची काच गोंदाने चिकटवलेली असते. तो गोंद वेगळा, त्याची बंदूक वेगळी, वाळायचा वेळ वेगळा. ती काच गाडीच्या टपाला आधार देते, अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून धरते. तिथे हौशी माणसाने हात लावायचा नाही. जुन्या जीपची गोष्ट निराळी, तिची काच बहुतेक रबरात बसवलेली असते. तेव्हा आधी एक काम कर. आत बस, काचेच्या कडेला बोट घाल. बोटाला जाड मऊ रबराचा ओठ लागला तर मला कळव. टणक काळा गोंद लागला तर हात काढ आणि गप्प बस.

आणि रबर असलं तरी माझं मत बदलत नाही. माणूस बोलवावा. आमच्या दुकानातली काच आमच्याच माणसाने बसवली तर ती गळत नाही, हलत नाही, आणि गळलीच तर मी आहे. तू बसवलीस आणि गळली तर तुझे आबा आहेत. त्यातलं काय परवडेल ते तूच ठरव.

सासूबाई गुलाबबाई विचारत होत्या, तुझी ती डोंगरातली मैत्रीण अजून जीप चालवते का? मी म्हटलं, चालवते, आता दुरुस्तही करणार म्हणते. त्यावर त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, करेल ती.

टीना


उंबरवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय टीना,

रबर आहे. जाड, मऊ, खालच्या अंगाला थोडं तडकलेलं. म्हणजे मी जिंकले.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. बाई हुशार आहेत. इकडेही माझी बाजू घेणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे आत्या, माझ्या सासूबाई. साळुबाई त्यांचं नाव. गाडीतलं त्यांना काही कळत नाही, पण मी जीपखाली शिरले की त्या चहा घेऊन बाजूला उकिडव्या बसतात, आणि आबा काही बोलायच्या आत म्हणतात, "करू द्या तिला. तिचा हात चालतोय." आबा मग नुसते खाकरतात.

तुझा माणूस इथवर आणायचा म्हणजे त्याचा दिवस मोडायचा, आणि तो येऊन करणार काय? रबर काचेवर चढवणार, दोरी घालणार आणि ओढणार. अगं, दोरी आणि ओढणं यात माझा जन्म गेलाय. भाताच्या पेंढ्या बांधून बांधून माझ्या हाताला गाठ आपोआप कळते. तू दुकानात खुर्चीवर बसून मला दोरी शिकवणार का?

गाडी मी चालवते. घाटात बंद पडली तर मीच सुरू करते. टायर मी बदलते. मग काचेपाशी आल्यावरच मी बाईमाणूस कशी होते ते मला सांग. आबा म्हणतात ते निदान उघड म्हणतात, तू तेच जरा शहाणपणाच्या शब्दांत म्हणतेस.

काच आणि रबर पाठव. शिमगा जवळ येतोय.

इंदू


कळंब
२२ फेब्रुवारी २०२५

इंदे,

ते शहाणपणाच्या शब्दांचं वाक्य लागलं. म्हणून काच पाठवतेय.

तुमच्याकडे माल घेऊन येणाऱ्या सावळेरामच्या पिकअपमध्ये, भाताच्या पेंढ्यात बांधून, उभी. आडवी ठेवू देऊ नको, आडवी ठेवली की पहिल्या खड्ड्याला वाजते. सोबत रबर, दोरी आणि फट बुजवायच्या काळ्या मसाल्याची नळी आहे.

आता नीट वाच. जुनं रबर आतून ब्लेडने काप आणि काच बाहेर ढकल. ती फुटली तरी तुकडे पडणार नाहीत, दोन काचांच्या मधे पातळ प्लास्टिक असतं, त्यालाच चिकटून राहते. मग चौकटीची लोखंडी कड बघ. गंज असेल तर घासून काढ, रंगाचा हात मार, वाळू दे. या कामात घाई करणारे लोकच पावसाळ्यात आमच्याकडे परत येतात. मग नवं रबर काचेवर चढव. रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी फिरव, दोन्ही टोकं खाली मधोमध येतील अशी. साबणाचं पाणी सढळ हाताने लाव. काच बाहेरून चौकटीवर टेकव. बाहेर एकीने तळहाताने दाबायचं, आत बसून तू दोरी ओढायची. दोरी निघत जाईल तसा रबराचा ओठ लोखंडावर चढत जातो. ओढताना दोरी काचेच्या मधल्या बाजूला ओढायची, स्वतःच्या छातीकडे नाही, नाहीतर ओठ फाटतो. शेवटी काच आणि रबर यांच्या फटीत मसाला भर.

हे सगळं बोटांना कळतं, कागदाला कळत नाही. पण तुझ्याशी वाद घालून मी थकले. झालं की लगेच कळव, मला झोप लागणार नाही.

टीना

ता. क. आत्यांना सांग, तुमच्या सुनेपेक्षा काच नाजूक आहे, तिला जरा जपा.


उंबरवाडी
१ मार्च २०२५

टीना,

काच बसली होती. निसटली.

सगळं तू लिहिलंस तसं केलं. गंज घासला, रंग दिला, वाळू दिला. शेजारच्या रुपालीला बाहेर उभं केलं, मी आत बसले. आणि दोरी अशी सरसर आली म्हणून सांगू! ओठ आपोआप चढत गेला, कुठे अडला नाही. मला वाटलं माझा हातच तसा आहे. रुपालीने टाळ्या वाजवल्या. आत्यांनी माझ्यावरून बोटं मोडली. मी इतकी फुगले होते की तुला पत्र लिहायला कागदसुद्धा काढला होता.

दुसऱ्या दिवशी आबांना म्हटलं, चला, एक फेरी मारून येऊ. दुसरं कुणी बसवलं नाही, हे बरं झालं. पहिलं वळण उतरलो, खड्डा आला, आणि खालचा डावा कोपरा रबरातून सुटून आत आला. मी गाडी थांबवली. आबांनी दोन्ही तळवे काचेला लावले आणि घरापर्यंत तसेच बसून राहिले, दात आवळून, कपाळावर घाम. मी पहिल्या गियरमध्ये गाडी वर आणली. तुझ्या त्या टोमॅटोवाल्याची बायको मला सगळा रस्ता आठवत होती.

घरी उतरल्यावर त्यांनी हात चोळले आणि म्हणाले, "आता पुरे झालं, पोरी. धुळवडीच्या दुसऱ्या दिशी चिमाजीला बोलावतो." ओरडले असते तर मी भांडले असते. हळू बोलले, म्हणून रडू आलं.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. काच उतरवताना माझ्या हाताला वास आला. खुरासणीच्या तेलाचा. आमच्या घरात नवीन वस्तू आली, विळा असो नाहीतर पाळणा, की आत्या तिला तेल चोळतात, हळदकुंकू लावतात, ओवाळतात. मी झऱ्यावर पाण्याला गेले होते तेव्हा त्यांनी रबराला तेल मुरवलं असणार. आतल्या खाचेतसुद्धा. नवं काळं रबर, चमकत होतं, मला वाटलं नवेपणाची चमक आहे. तेलाने दोरी सरसर आली आणि तेलानेच काच निसटली. मसालासुद्धा धरला नाही, बोटाने ओढला तर पट्टीसारखा निघून आला.

आत्यांना विचारलं नाही. विचारलं तर त्या आठ दिवस जेवणार नाहीत. आबांपुढे मान खाली घातली आणि म्हटलं, माझी चूक झाली.

काच शाबूत आहे. तुझा माणूस पाठव. मी हे लिहीन असं मला वाटलं नव्हतं, पण पाठव.

इंदू


कळंब
४ मार्च २०२५

इंदे,

आधी ते रबर फेकून दे. तेल मुरलेलं रबर फुगतं आणि मग त्याला कशाचीच पकड राहत नाही. काच आधी भांड्याच्या साबणाने धू, मग स्वच्छ फडक्याने पूस, मग आणखी एका स्वच्छ फडक्याने. कड विशेष. चौकटीची कडही तशीच. बोटाने घासून बघ, करकर आवाज आला पाहिजे. काच घरात उभी ठेव आणि तिच्या जवळ कुणालाही ओवाळायला जाऊ देऊ नको.

तेल लावू नको असं मी लिहिलं नव्हतं. तेल कुणी लावेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं दुकानात बसते, हायवेवरचा प्रत्येक प्रकारचा माणूस पाहिलाय, पण रबराला प्रेमाने तेल चोळणारी सासू पहिल्यांदाच ऐकली. तू तिचं नाव घेतलं नाहीस याचा मला अभिमान वाटला. आणि रागही आला, खरं सांगते. स्वतःवर घेतलंस आणि गाडी घालवायला निघालीस.

आता वाईट बातमी. आमचा माणूस सध्या येऊ शकत नाही. का, ते विचारू नको. महिनाभर तरी नाही. मंचरला दुसरा कुणी बघ, मी नवं रबर पाठवते.

टीना


उंबरवाडी
६ मार्च २०२५

टीना,

रबर पाठवू नको.

मंचरचे दोघे विचारून झाले. बहिरूभाऊंनी चौकशी केली. एका जुन्या जीपसाठी घाट चढायला कुणी तयार नाही. त्यांचं मला काही वाटलं नाही, ते मला ओळखत नाहीत. पण तुझा माणूस येऊ शकत नाही, आणि कारणही मला सांगायचं नाही? हायवेवरच्या मोठ्या गाड्या सोडून वर कशाला यायचं, असंच ना? सरळ लिहायचंस. डोंगरातल्या माणसांना अशा उत्तरांची सवय असते. तुझ्याकडून नव्हती.

चिमाजी येणार ते पक्कं झालंय. मी गाडी धुऊन ठेवणार आहे. माझ्या हातची गाडी मळकी गेली असं कुणी म्हणायला नको.

इंद्रायणी


कळंब
८ मार्च २०२५

इंद्रायणी,

पूर्ण नावाने सही केलीस, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय. तेव्हा ऐक, आणि हे पत्र वाचून चुलीत घाल.

माझ्या नवऱ्याचा, प्रितमचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. जानेवारीत माळ्यावरून काच उतरवताना शिडी सरकली, काच वाचवली आणि मनगट मोडून घेतलं. सासऱ्यांनी, रमणलालशेठांनी, त्याच रात्री घरातल्या सगळ्यांना बजावलं की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. काच बसवणाऱ्याचा हात मोडलाय हे हायवेवर कळलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात थांबतं आणि मग तिथलंच होतं. मी त्यांना शब्द दिला होता. आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

मग दुकान चालतं कसं? शटर अर्धं खाली असतं. सासरे बाहेर गिऱ्हाइकाला चहा पाजतात आणि म्हणतात, प्रितम आत आहे. खोटं नाही, प्रितम आतच असतो, खुर्चीवर, गळ्यात हात अडकवून, "सावकाश, सावकाश" करत. काच मी बसवते. लग्न झाल्यापासून बघत होते, त्याला हात देत होते. आता पूर्ण मी. रबराच्या, गोंदाच्या, सगळ्या. एकही परत आलेली नाही. सासरे मोजून कौतुक करणारे, पण परवा गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमच्याकडचं काम एकदम पक्कं." आणि शटरकडे बघून खाकरले. तुझे आबा आणि ते एकाच शाळेत शिकलेत की काय?

म्हणजे तू ज्या माणसावर रागावलीस, तो तुला पत्रं लिहीत होता. खुर्चीवर बसून दोरी शिकवते म्हणालीस तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्ट्या होत्या. चिडायचा हक्क मलाही आहे, पण तो मी नंतर वापरीन.

बुधवारी नवं रबर घेऊन येते. काल जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, बुधवारी दुकान बंद, मी डोंगरात जाणार. सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली. सासूबाई म्हणाल्या, "जा. परत आलीस की मला पण दाखव कशी बसवतात ती." सासऱ्यांनी परत ताटात मान घातली.

सावळेरामच्या पिकअपने सकाळीच पोहोचते, दिवस मावळायच्या आत परत निघणार. आम्हा जैनांचं जेवण उजेडातच, हे तुला माहीत आहे. कांदा, लसूण, बटाटा नको. नाचणीची भाकरी आणि चटणी असली तरी मी खूश.

आणि एक अट. बाहेरून मी दाबणार. आत बसून दोरी तूच ओढायची. पुढच्या खड्ड्याला मी तुझ्या गाडीत असणार नाही, तेव्हा हाताला कळलेलं तुझ्याजवळ राहिलं पाहिजे.

टीना


उंबरवाडी
१६ मार्च २०२५

माझी टीना,

तुझं पत्र चुलीत घातलं. तू गेल्यानंतरचं सगळं सांगते, कारण त्या आधीचं तू स्वतः केलंस. "आता ओढ, आता थांब, कोपऱ्यात घाई नको," हे तुझं बोलणं अजून कानात आहे. यावेळी दोरी सरसर आली नाही. एकेक बोट करत आली, माझा दंड भरून आला, आणि ओठ चढताना जो टप् असा आवाज होतो तो मला आता झोपेतही ओळखता येईल. मागच्या वेळी तो आवाज आलाच नव्हता. मी मूर्ख, मला वाटलं माझा हात हलका आहे!

तू सांगितल्याप्रमाणे मसाला वाळावा म्हणून होळीचा दिवस गाडीला हात लावला नाही. धुळवड झाली. काल सकाळी आबा म्हणाले, "पानी मारून बघू. चिमाजी यायच्या आदी कळू दे." आणि काय केलं माहीत आहे? परातीत कोरडं नाचणीचं पीठ घेतलं, जीपमध्ये पुढे बसले, परात मांडीवर ठेवली. एक थेंब पडला तरी पिठात खड्डा पडणार आणि दिसणार. मग रुपाली आणि मी हंडे ओतायला लागलो. वरून, बाजूंनी, कोपऱ्यांवर. बघता बघता आख्खी वाडी जमली, बायका घरचे हंडे घेऊन आल्या. पाणी पायाखालून वाहायला लागलं आणि आबा आत, परातीवर वाकून, पीठ बघत बसलेले.

पीठ कोरडं राहिलं. एक ठिपका नाही. बायकांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं.

आबा उतरले, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झ्याक बसली. चिमाजीला आता काय खोट काढाया जागा न्हाई."

मी समजत होते, काच बसली की गाडी राहिली. आबांच्या मनात मात्र मी काच इतकी चांगली बसवली होती की गाडी विकायला सोपी झाली होती. मला त्या हंड्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात चिमाजी आलाच, एसटीतून उतरून, स्वच्छ टोपी घालून. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली, काचेवर टिचकी मारली. म्हणाला, "कुशाबाभाऊ, गाडी लई नीट ठिवली. काच कुनी बसवली?"

आबा म्हणाले, "सुनंनं. कळंबची मैत्रीन आल्ती हाताखाली."

हाताखाली, ऐकलंस ना! तुझ्या जिवावर मला बढती मिळाली. मी मान डोलावली, तुमच्या दुकानाचं गुपित सांभाळायचं होतं.

चिमाजी हसला. "आन् मागल्या येळंला निसटली ती बी सुनंनंच बसवल्याली न्हवं? ऐकलं मी. बाईमान्साचं काम, राव, एकडाव बसतंय, एकडाव निसटतंय. चावी द्या, माजा पुतन्या चालवंल."

आबा चावीसाठी खिशात हात घालत होते. तेवढ्यात आत्या पुढे आल्या. हातात रिकामा हंडा होता, तो त्यांनी खाली ठेवला. चारचौघांत पुरुषांच्या बोलण्यात त्या कधी बोललेल्या मी पाहिल्या नाहीत.

"पावणं, थांबा," त्या म्हणाल्या. "मागल्या येळंला निसटली ती हिच्यामुळं न्हाई. म्या रबराला त्याल चोळलं व्हतं. चांगलं म्हून चोळलं. मला त्या दिशी कळलं न्हाई. हिची ती कळंबची पोर आली, काच धुताना हिला हळूच म्हनाली, 'त्याल समदं निघालं ना?' तवा मला कळलं. तीन दिस झालं, माज्या घशाखाली घास उतरत न्हाई. ही पोर तोंडातनं एक शबुद बोलली न्हाई."

टीना, तू हळूच बोललीस असं तुला वाटतं. तुझं हळू म्हणजे हायवेवरचं हळू.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग बोलली का न्हाईस?"

मी म्हटलं, "बोलून काच बसणार होती का, आबा?"

आत्या डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले, त्यांनी माझा दंड घट्ट धरला, आणि मी सगळ्यांसमोर रडले. त्यांच्याही हाताला तेलाचा वास होता, रोजच असतो, आणि त्या वासाने मला आणखीच रडू आलं.

आबांनी खिशातला हात तसाच बाहेर काढला. रिकामा. चिमाजीला म्हणाले, "च्या घ्या पावणं. गाडी इकायची न्हाई."

"अवं, तुमी शबुद दिल्ता!"

"डायवर न्हाई म्हून दिल्ता. मला वाटलं, न्हाई. हाये."

चिमाजी चहा न घेता निघाला. मग त्याच्या ध्यानात आलं की एसटी केव्हाच खाली गेली आणि पुढची संध्याकाळी. तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. आबांनी अंगावरचं पीठ झाडलं, पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसले, आणि त्याला मागचा बाक दाखवत म्हणाले, "बसा की मागं, लाजता कशाला? माजी सून सोडंल तुमास्नी."

तुझी
इंदू